सूप इथलं, बांबू लांबचा

पाटोदा तालुका बालाघाटाच्या रांगेत वसलेला. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, सौताड्याला विंचरणेचा धबधबा कोसळतो. पण जमीन बरड, पाऊस बेभरवशाचा. बांबूची दाट बनं या डोंगरांत नाहीत. तरी मराठवाड्यातल्या घरात सूप, दुरडी, टोपलं आलंच. ते विणणारा समाज बुरूड. बाराव्या शतकातले बसवेश्वरांचे समकालीन शरण केतय्या हेही बांबूकाम करणारे; बुरूड समाज त्यांना आपले संत मानतो.

बांबू फोडणं

कसब विणण्यात दिसतं, पण खरी परीक्षा फोडण्यात. ओला बांबू कोयत्याने उभा चिरायचा, मग पोटाकडचा ठिसूळ भाग काढून पाठीकडची चिवट बेळ सोलायची. सोलताना जाडी एकसारखी राहिली नाही की वीण वाकडी जाते. वाळलेला बांबू सोलताना तडकतो, म्हणून तो भिजवून घेतात. टोपलीला कोवळा बांबू बरा, जून झालेला शिडीला आणि मांडवाला.

उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांकाठचे अनिशिनाबे लोक टोपल्यांसाठी काळ्या अ‍ॅश झाडाचं खोड ठोकून ठोकून त्याची वर्षावर्षाची वलयं सुटी करतात आणि त्यांच्या पट्ट्या काढतात. बांबू हे गवत, त्याला वलयं नसतात. म्हणून इथे ठोकणं नाही, चिरणं आहे.

वीण

तळाला कामट्या आडव्या-उभ्या गुंफतात, त्याच वर वळवून उभ्या करतात आणि त्यांच्यातून बेळ एकीखालून, दुसरीवरून फिरवत नेतात. एकच बेळ सलग फिरवायची तर उभ्या कामट्या विषम हव्यात. सम झाल्या तर दुसऱ्या फेरीत बेळ पुन्हा त्याच वाटेने जाते आणि वीण धरत नाही. शेवटी काठ बांधायचा. टोपलं फाटतं ते बहुधा काठापासूनच.

कशाला काय

सुपाची वीण घट्ट, तीन बाजू उचललेल्या, चौथी मोकळी, म्हणजे पाखडताना फोल पुढे उडतं. तांदूळ धुवायची रोवळी मात्र मुद्दाम फटींची. कणगीला शेणमातीने लिंपून त्यात धान्य साठवत. कोंबड्यांना डालगं, भाकरीला दुरडी. तुळजाभवानीचा जोगवा परडीत मागतात आणि लग्नातला झालीचा विधी बांबूच्या पात्राशिवाय होत नाही. खळी गेली, मळणीयंत्रं आली, तसा सुपांचा मोठा खप ओसरला. धार्मिक कामांची मागणी टिकून आहे, पण ती हंगामी. तेवढ्यावर वर्षाचं घर चालत नाही.

बांबू येतो कुठून?

तिकडे अनिशिनाबेंची अ‍ॅश झाडं पाचूसारख्या हिरव्या भुंगेऱ्याने मारली. हा कीटक अमेरिकेत २००२ साली ओळखला गेला. आपल्याकडे बांबू जिवंत आहे, तो परवडत नाही. १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाडांत गणलं होतं, त्यामुळे शेतातला बांबू तोडून न्यायलाही परवान्याची कटकट असे. २०१७च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. वनातल्या बांबूवर गावाचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्याने मानला आणि २०११ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला.

पण गडचिरोली राज्याच्या पूर्व टोकाला. इकडच्या विणकराला बांबूच्या किमतीत वाहतूकही मोजावी लागते आणि गिऱ्हाईक भाव प्लॅस्टिकच्या टबाशी तोलतं. बांधावर बांबू लावला तर अंतर मिटेल. मात्र पहिली तोडणी यायला चार-पाच वर्षं लागतात आणि सुरुवातीच्या उन्हाळ्यांत पाणी द्यावं लागतं. पाटोद्यात अडचण नेमकी तिथेच आहे.