स्टँड मिक्सर आणि एक तुटलेला गिअर

मिक्सर म्हटलं की आपल्याला आठवतो तो चटणी वाटणारा, सकाळी सकाळी अख्ख्या घराला उठवणारा मिक्सर. तो मिनिटाला १८-२० हजार फेरे मारून पात्याने कापतो. केकवाल्यांचा स्टँड मिक्सर मात्र वेगळाच प्राणी आहे. हा जेमतेम ६० ते २५० फेरे घेतो आणि कापत काहीच नाही. फक्त फेटतो, मळतो. म्हणजे इथे आरपीएमचा नाही, टॉर्कचा खेळ. हे मला कळायला मावशीचं मशीन मोडावं लागलं!

याचा जनक आपल्याच जातकुळीतला. १९०८ साली अमेरिकेत, ओहायोतल्या होबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरने एका बेकरीवाल्याला धातूच्या पळीने कणीक घोटताना पाहिलं आणि तो कामाला लागला. १९१४ पर्यंत ८० क्वार्टचं, म्हणजे साधारण ७५ लिटरचं मशीन तयार झालं. अमेरिकन नौदलानेही ते जहाजांवर नेलं. घरगुती मॉडेल १९१९ साली 'किचनएड' नावाने आलं.

आतली करामत म्हणजे थिअरी ऑफ मशीन्समध्ये छळणारी एपिसायक्लिक गिअर ट्रेन. रिंग गिअर स्थिर असतो, बीटरचा पिनियन त्याच्या आतून फिरतो. त्यामुळे बीटर भांड्यात एका दिशेने चक्कर मारतो आणि स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरतो. भांडं जागचं हलत नाही, तरी बाजू सुटत नाही.

केकला चपटा बीटर, अंड्याच्या पांढऱ्याला तारांचा व्हिस्क, पावाला हुक. लोणी-साखर फेटताना साखरेचे दाणे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात. बेकिंग पावडरचा गॅस नवे बुडबुडे करत नाही, हेच फुगवतो. पुस्तकात लोणी 'रूम टेंपरेचरला' घ्या म्हणतात, ते थंड देशातलं. आपल्याकडे एप्रिलमध्ये रूम म्हणजे ३५ अंश, हवा कोंडायला लोणी जागेवर राहील तर ना! १८-२० अंशाला, बोटाने खड्डा पडेल इतपतच मऊ हवं. मैदा घातला की सर्वांत कमी वेग, आणि पांढरं दिसेनासं झालं की लगेच बंद. नाहीतर ग्लुटेन वाढून केक चिवट होतो.

आता माझा पराक्रम. मावशी घरून केकच्या ऑर्डरी घेते. मे महिन्यात मी दीड किलो मैद्याचा पावाचा गोळा, वेळ वाचवायचा म्हणून थेट ६ नंबरवर लावला. मशीन ओट्यावर चालू लागलं. मग कडकड आवाज. मोटर फिरतेय, हुक ढिम्म! दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, ग्रीसमध्ये दात गेलेला एकच गिअर. बऱ्याच मशीनमध्ये एक गिअर मुद्दाम कमजोर ठेवतात, मोटर वाचावी म्हणून. आपल्या शिअर पिनसारखं. पार्ट यायला अकरा दिवस लागले. तोवर दोन वाढदिवसांचे केक मावशीने हाताने फेटले, खांदा आधीच दुखरा असताना. मला एका शब्दाने बोलली नाही, ते जास्त लागलं.

घट्ट कणीक २ नंबरवरच मळायची, तीही अर्ध्या मापाने. मध्येच मशीनच्या डोक्यावर हात ठेवून बघायचं. फार तापलं असेल तर विश्रांती द्यायची. कणकेचा तुकडा ताणून पडद्यासारखा पातळ झाला आणि फाटला नाही, की झालं.

मशीन परत आल्यावर मावशीने २ च्या आकड्यापाशी एक लाल टिकली चिकटवली. अजून आहे.