भूक कोण शिकवते?

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी विचारले, "भूक ओळखायला मुलाला कोण शिकवते?" वर्ग हसला. मला आमची बोईसरची खोली आठवली.

वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला. पगाराच्या रात्री पिऊन येत. दाराशी सायकल वाजली की आम्ही भावंडे ताटातला भात भराभर गिळून अंथरुणात शिरायचो. वडिलांनी पिणे सोडले, पण पालघरला कॉलेजात माझा डबा आजही पाच मिनिटांत संपतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ लागतो. तोवर मी जास्तच खाल्लेले असते.

आईचे निराळे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी ती पहाटे दातांना लावते आणि दुपारपर्यंत खात नाही. तंबाखूतले निकोटीन भूक मारते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. घरच्या तव्याला कोण अडवणार? तेरा वर्षांची धाकटी बहीण मशेरीला शिवत नाही, पण "आईसारखी मलाही भूक लागत नाही" म्हणत न्याहारी टाळते आणि संध्याकाळी पाच-पाच रुपयांची पाकिटे लपून फस्त करते.

आपल्या भागात उपासमार म्हटली की १९९२ चे जव्हारमधले वावर-वांगणी आठवते. तिथे अन्नच नव्हते. आमच्या घरी भात शिजलेला असतो.

व्यसनी घरातले प्रत्येक मूल असे होतेच असे नाही. गरिबी, पाळ्या, भीती हेही त्यात असते. पण मूल पाहते ते आईबापांचेच ताट.

परवा आईने मशेरीआधी तांदळाची अर्धी भाकरी घेतली आणि बहिणीला शेजारी बसवले. तिने दोनच घास खाल्ले.