पुरावा काय?

मे महिना. सकाळचे साडेदहाच वाजलेत, पण फाटकाचं लोखंड हाताला चटका देतं. बाहेर कडुनिंबाखाली टायपिस्ट बसलेत. टाइपरायटर गेले, लॅपटॉप आले. टेबलाच्या लंगड्या पायाखाली वीट आहेच. अर्जाचा मायना त्यांना पाठ आहे. पुढचं मात्र विचारावं लागतं.

"काढलं की सोडलं?"

समोरचा माणूस गोंधळतो. सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली, यानं उलट उत्तर दिलं, दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं. याला काय म्हणायचं? टायपिस्ट त्याच्याकडे न बघता "काढून टाकले" असं टाइप करतो. कंपनी उद्या म्हणणार की हा स्वतःच यायचा बंद झाला. सगळं भांडण या एका क्रियापदावर चालणार आहे.

कामगार आयुक्तांचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद. उतरणाऱ्यांच्या बगलेत फायली, चढणाऱ्यांच्या हातात कॅरीबॅग.

आवकच्या खिडकीशी रांग. सफाईकाम करणाऱ्या चौघीजणी एकमेकींना धरून उभ्या आहेत.

"कोणाविरुद्ध?"

"शेठविरुद्ध."

"शेठचं नाव?"

चौघी एकमेकींकडे बघतात. त्याला सगळे दादाच म्हणतात. मग एकजण पिशवीतून गणवेशाचा निळा शर्ट काढते आणि खिशावरचं भरतकाम खिडकीसमोर धरते. दुसरीच्या पासबुकात पगाराच्या नोंदीपुढे भलतंच नाव. झाडलोट करतात ती इमारत तिसऱ्याचीच. कारकून तिन्ही नावं घालायला सांगतो. बरोबर सांगतो. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं द्यायचा, ही तरतूद 1970 च्या ठेका कामगार कायद्यापासून आहे. बायका पुन्हा जिना उतरतात. अर्ज नव्यानं टाइप करायचा, झेरॉक्स पुन्हा काढायच्या.

व्हरांड्यात बाक भरलेत. उरलेले भिंतीला पाठ लावून उकिडवे बसलेत. पंखा फिरतो, पण वारा बरोबर त्याच्याखाली बसलेल्यांनाच. कोणाचा तरी डबा उघडतो. लसणाच्या चटणीचा वास सुटतो.

साठीतले एक रखवालदार काका युनियनच्या कार्यकर्त्याला आपली हकिगत सांगताहेत. बारा तासांची ड्युटी. पगार ठरलेला, ओव्हरटाइम शून्य. कार्यकर्ता पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडतो. आठ तास नेहमीच्या दरानं, वरचे चार दुप्पट दरानं. आठ अधिक आठ.

"काका, तुम्ही रोज सोळा तासांचा पगार कमवत होता."

काका हसतात. दात थोडेच उरलेत.

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"बेसिक आणि महागाई भत्ता मिळून?"

"तेरा हजार."

13,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 11. पाकिटावर 82,500 उमटतात. ही नुसती ग्रॅच्युइटी. पाच वर्षं भरली की ती घ्यायचा हक्क आहे, मागायला गेलं की उपकार केल्यासारखं बोलतात. काका पाकीट मागून घेतात. खिशात ठेवतात. परत काढून बघतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत गेले. व्हरांड्यात अजून जुनीच नावं ऐकू येतात. पगाराची मुदत जुनीच आहे: महिना संपल्यावर सात तारखेच्या आत. काढून टाकलं किंवा राजीनामा दिला तर सगळा पगार कामाच्या दोन दिवसांत. दोन दिवस! माझ्या शेजारचा तरुण दिवाळीपासूनच्या थकलेल्या पगारासाठी आलाय. दावा करायला तीन वर्षं मिळतात, असं त्याला कोणीतरी सांगतं. त्याला भाडं थकल्याची काळजी आहे.

वळणावर एक फलक लावलाय, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा. ट्यूबलाइट नेमकी तिथलीच मिचमिचते. ओढणी डोक्यावरून घेतलेली एक मुलगी तो वाचतेय, बोटावर महिने मोजतेय. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. कारण पटलं तर आणखी तीन. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिच्या दुकानात सहाजण. मग जिल्ह्याची स्थानिक समिती. शिपाई तिला फलकाचा फोटो काढून घ्यायला सांगतो आणि स्वतः बाजूला होतो, उजेड यावा म्हणून.

पुकारा होतो. आडनाव चुकतं, तरी माणूस उठतो.

साहेबांच्या खोलीत कूलर आहे, पाणी संपलेला. टेबलाच्या एका बाजूला एचआरचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, जाड फाइल. दुसऱ्या बाजूला प्रेसवरचा कामगार. उजव्या हाताची दोन पेरं गेलेली. समेट अधिकारी निकाल देत नाहीत, दोघांना समोरासमोर बसवतात. जमलं तर करार, नाही तर पुढे कोर्ट. हे त्या कामगाराला माहीत नाही. तो त्यांच्याकडे न्यायाधीशाकडे बघावं तसा बघतो.

"आमच्या मस्टरवर हे नाव नाही," पोरगा म्हणतो.

"तुम्ही तिथे होतात याचा पुरावा काय?" साहेब विचारतात. आवाजात राग नाही. हे त्यांना प्रत्येकाला विचारावं लागतं.

नेमणूकपत्र नाही. पगाराची स्लिप नाही. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरचा मेसेज आहे, "उद्या सेकंड शिफ्ट". नातवाच्या शाळेची जुनी वही आहे, तिच्यात रोजची हजेरी स्वतः लिहिलेली. बोटं गेली त्या दिवशीही, डाव्या हातानं. साहेब पानं उलटतात. पोरगा प्रथमच फाइलमधून डोकं वर काढतो. मस्टर, पगारपत्रक या सगळ्या नोंदी मालकानं ठेवायच्या, कायदा तसं सांगतो. आणि इथे ज्याच्याकडे फाइल आहे तो गप्प, ज्याच्याकडे वही आहे तो शपथा घेतोय.

तारीख पडते. जूनच्या शेवटी.

पण खरी बोलणी बाहेर जिन्याजवळ होतात. कंपनीचे वकील चहाचा ग्लास हातात घेऊन येतात. आवाज मऊ. "कोर्टात गेलात तर वर्षं जातील, मामा. पन्नासात मिटवून टाकू. आजच चेक."

मामा मागे बघतात. बायको पदरानं वारा घेत उभी आहे. मागितलेत एक लाख चाळीस हजार.

"साठ," वकील म्हणतात.

"आधी बोटांचं वेगळं बोला," बाई म्हणते. "मग पगाराचं. आणि अकरा महिने कामाला होते असं कंपनीच्या कागदावर लिहून द्या."