मोबाईलची बॅटरी सांभाळा



तोडीचा निरोप, वजनाचा मेसेज, बँकेचा ओटीपी, सगळे आता मोबाईलवर येते. ऐन हंगामात फोन बंद पडतो आणि टोळी फडात आली तरी मालकाला पत्ता नसतो, असे आम्ही गावोगाव पाहतो. म्हणून हे चार शब्द.

मोबाईलची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ती पार उतरवून मगच चार्ज करावी, हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला समज आहे, तो सोडावा. शून्यावर नेल्याने ती उलट लवकर झिजते. ५० टक्के दोनदा भरले तरी एकच फेरी धरली जाते. तेव्हा लाईट असेल तसे थोडे थोडे भरावे. २० ते ८० टक्क्यांत ठेवलेली बॅटरी जास्त टिकते.

बॅटरीचा मोठा वैरी म्हणजे उष्णता. ट्रॅक्टरच्या काचेजवळ उन्हात फोन ठेवू नये, उशीखाली चार्जिंगला तर मुळीच लावू नये. रात्रभर १०० टक्क्यांवर राहणेही तिला मानवत नाही. बऱ्याच नव्या फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्ये असते; घरातल्या पोराकडून ती चालू करून घ्यावी. जादा फोन पेटीत ठेवायचा तर निम्मा भरून, बंद करून ठेवावा.

बॅटरी फुगली तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. टोचू-दाबू नका, पेट घेते. जाणकाराकडून बदलून घ्या.

तोडीची पाळी जवळ आली, की संध्याकाळीच फोन भरून ठेवा.

— ऊस विकास विभाग