रोग्यांचे ग्राहक भांडार

अंड्याच्या बलकातून काढलेला एक स्निग्ध पदार्थ. दिसायला लोण्यासारखा. तो बर्फात गोठवून ठेवायचा आणि सकाळी पावावर फासून खायचा. 1987 साली न्यूयॉर्कमधले अनेक तरुण जगण्याच्या आशेने हे करीत होते. पदार्थाचे नाव एएल-721. तो मूळचा इस्रायलच्या वाइझमन संस्थेतला. परीक्षानळीत तो एड्सच्या विषाणूला अडवतो असे 1985 साली दिसले होते आणि बुडत्याला तेवढा आधार पुरेसा होता. मायकेल कॅलन हा गायक, टॉमस हॅनन आणि डॉ. जोसेफ सॉनबेंड यांनी 'पीडब्ल्यूए हेल्थ ग्रुप' नावाची संस्था काढली. कॅलन आणि हॅनन स्वतःच रोगी होते. लोकांच्या मागण्या एकत्र करायच्या, माल घाऊक भावाने आणायचा आणि नफा न घेता वाटायचा, एवढेच तिचे काम. अशा संस्थांना तिकडे 'बायर्स क्लब' म्हणू लागले.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना हा प्रकार परका वाटू नये. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करीत आली आहे. शेजारपाजारच्या घरांनी मिळून महिन्याची यादी द्यायची, माल एकदम यायचा आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात गठ्ठे सुटायचे. न्यूयॉर्कच्या गठ्ठ्यांत तूरडाळ आणि साबण नव्हते, एवढाच फरक. आणि पुढच्या यादीच्या वेळी काही नावे कमी झालेली असत.

ही वेळ का आली? एड्सवरचे पहिले औषध, एझेडटी, मार्च 1987 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याचा वर्षाचा खर्च 10 हजार डॉलरच्या घरात जात होता. बाकीची औषधे चाचण्यांत अडकलेली होती आणि चाचणी संपेपर्यंत थांबायला रोग्याकडे वेळ नव्हता. तेव्हा कुणी जपानहून डेक्स्ट्रान सल्फेट मागवले, कुणी मेक्सिकोच्या वाऱ्या केल्या. 1988 साली तिथल्या औषध नियंत्रण खात्याने स्वतःपुरते थोडे औषध परदेशातून आणायला डोळेझाक करण्याचे धोरण जाहीर केले आणि क्लबांचे जाळे पसरले. टेक्सासच्या रॉन वुडरूफचा क्लब त्याच वर्षीचा. त्याच्यावर 2013 साली 'डॅलस बायर्स क्लब' हा चित्रपट निघाला. चित्रपटाला नायक लागतो, म्हणून तिथे एकटा मर्द साऱ्या सरकारशी झुंजताना दिसतो. खरे काम बहुतेक ठिकाणी टेलिफोन आणि टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसांनी केले.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ताळेबंद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. या क्लबांचा ताळेबंद मालाच्या बाजूने मांडला तर तो सपशेल तोट्याचा आहे. एएल-721 चा उपयोग झाला नाही. डेक्स्ट्रान सल्फेट पोटातून रक्तात धड उतरतच नव्हते. एका चिनी वेलीच्या मुळापासून केलेल्या 'कंपाउंड क्यू'ने 1989 साली काहींना बेशुद्धीत नेले, काही दगावले. डीडीसी नावाचे औषध चोरवाटेने तयार करवून विकले गेले. 1992 च्या सुरुवातीला तपासणी झाली तेव्हा काही गोळ्यांत औषध कमी, काहींत जास्त निघाले. विक्री थांबवावी लागली.

जमेची बाजू निराळ्याच पानावर आहे, ती माहितीच्या. सॅन फ्रान्सिस्कोत मार्टिन डिलेनी यांच्या 'प्रोजेक्ट इन्फॉर्म'ने 1985 पासून दूरध्वनीवर लोकांना सोप्या भाषेत औषधे समजावली. जॉन जेम्स यांनी 1986 पासून 'एड्स ट्रीटमेंट न्यूज' हे वार्तापत्र चालवले. काय चालले, काय फसले, कुणाला काय त्रास झाला, सगळे छापायचे. जो माल आपणच आणून देतो तो कुचकामी निघाला, हे गिऱ्हाइकाला छापून कळवणारा दुकानदार मी तरी आमच्या बाजारपेठेत पाहिला नाही.

यातली सर्वांत मोठी गोष्ट एका स्वस्त गोळीची आहे. एड्सचे असंख्य रोगी एका विशिष्ट न्यूमोनियाने मरत. ज्या औषधाला आपण सेप्ट्रान म्हणून ओळखतो, तेच आधीपासून दिले तर हा न्यूमोनिया टळतो, हे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या बाबतीत 1977 सालीच सिद्ध झाले होते. डॉ. सॉनबेंड आपल्या रोग्यांना ते देत होते. कॅलनने 1987 साली सरकारी शास्त्रज्ञांची भेट घेऊन विनवले की, सगळ्या डॉक्टरांना तशी सूचना काढा. पुरावा अपुरा आहे, असे उत्तर मिळाले. सूचना निघाली जून 1989 मध्ये. दोन वर्षे! त्या दोन वर्षांत जे वाचले, त्यांतल्या कितीतरी जणांना ही गोळी अशाच एखाद्या वार्तापत्रातून किंवा फोनवरून कळली होती.

1997 साली मी ज्या शाखेत होतो तिथे एक गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले. मुदत संपायला चारच महिने होते, म्हणून मी कारण विचारले. ते खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "साहेब, मुलाला 'तो' आजार आहे. एक वैद्य खात्रीने बरा करतो म्हणतात. पण आधी सगळे पैसे मागतात." मी सही केली, ठेव त्यांची होती. त्यांच्या मुलाला काय झाले, ते मला कळले नाही. त्या माणसाला गाठून बाजूला बसवणारे, हा इलाज नाही आणि ही चार रुपयांची गोळी मात्र डॉक्टरांना जरूर विचारा असे सांगणारे त्या तालुक्यात तेव्हा कुणी नव्हते.

पुढे चित्र पालटले, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा डोस 350 डॉलरला देऊ केला, तेव्हा जगभरच्या किमती कोसळू लागल्या. 1 एप्रिल 2004 पासून आपल्या सरकारी रुग्णालयांत ही औषधे फुकट मिळू लागली. 2017 पासून निदान होताच उपचार सुरू करतात. नियमित गोळ्या घेणारा माणूस आज इतरांसारखे पूर्ण आयुष्य जगू शकतो. घाऊक खरेदीची गरज उरली नाही.

माहितीची गरज मात्र उरली आहे. कारण घराघरांत ताकदीची चूर्णे आणि कॅप्सूल आहेत, आणि 'आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार' हे वाक्यही आहे. अमेरिकेतल्या क्लबांनी या बाबतीतही धडा घेतला होता. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवरची वनस्पती काही औषधांना निष्प्रभ करते, हे 2000 साली कळले. पाठोपाठ लसणाची पाळी आली. लसणाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या रक्तात सॅक्विनाविर या औषधाचे प्रमाण निम्म्यावर येते, असे दिसले. लसूण! आपल्याकडे त्यावर कोण शंका घेईल? (फोडणीतल्या चार पाकळ्यांची ही गोष्ट नव्हे, दाट अर्काच्या कॅप्सूलची आहे.)

म्हणूनच एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आपल्याकडच्या संघटनांचे काम मला मोलाचे वाटते. औषध चुकवू नका हे तर त्या सांगतातच; पण 'आणखी काय काय घेता?' हा प्रश्न विचारायला स्वतः गोळ्या खाणारा माणूसच लागतो. डॉक्टरांपुढे काढ्याचे नाव घ्यायला लोक लाजतात. आता दिल्या जाणाऱ्या रोजच्या एका गोळीत डोल्युटेग्राविर असते. उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतले तर ते अंगी नीट लागत नाही. ते दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, नाहीतर दोन्ही गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्यात. आम्लपित्तावरच्या औषधांचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून वेगळे ठरवावे. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही दिलेले असते. काय काय घेता याची यादी सांगताना या दोन गोळ्या हमखास राहून जातात. ते औषध आहे असे कुणाला वाटतच नाही.