रुपयाचा प्रश्न आणि मोबाईलवरचा डॉलर

"वकील साहेब, फॉरेक्स सुरू करायचे आहे. शंभर-दोनशे डॉलरपासूनच करतो, जपून करतो. चालेल ना?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला रविवारच्या वंदनेनंतर विहारात विचारला गेला, जयंतीच्या बैठकीत विचारला गेला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवरही विचारला गेला. विचारणारे बहुतेक आपलेच पदवीधर तरुण. कुणी कंत्राटी नोकरीत अडकलेला, कुणी स्पर्धा परीक्षा देऊन देऊन थकलेला. अशा तरुणाला हसून वाटेला लावणे सोपे आहे. परंतु ज्या समाजाच्या उद्धारकर्त्याने चलन या विषयावर प्रबंध लिहून 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळवली, त्या समाजातील तरुणाने डॉलर-रुपयाबद्दल विचारले तर त्याला नीट उत्तर देणे आपले कर्तव्य आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक घडलेली हकिकत सांगतो. नगरपालिकेत आयुष्यभर झाडू मारून निवृत्त झालेल्या एक ताई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मुलाने त्यांच्या संमतीनेच एका फॉरेक्सच्या अ‍ॅपमध्ये टाकले होते. टेलिग्रामवरचे कुणी 'सर' त्याला शिकवीत होते. पहिल्या आठवड्यात चार हजार रुपये परतही आले, त्यामुळे विश्वास बसला. मोबाईलच्या पडद्यावर डॉलर रोज वाढत होते. शेवटी पैसे काढायला गेला तेव्हा आधी तीस टक्के 'टॅक्स' भरा असे सांगण्यात आले. तोही कर्ज काढून भरला. त्यानंतर 'सर' गायब झाले. ताई मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, पोरगं दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. मग हे कसं झालं?"

मी त्यांच्या बँकेचा उतारा पाहिला. सगळे पैसे यूपीआयने, रुपयांत, वेगवेगळ्या अनोळखी माणसांच्या बचत खात्यांत गेले होते. मुलाच्या पैशातून एक डॉलरही कधी विकत घेतला गेला नव्हता. पडद्यावरचा आकडा हा केवळ आकडा होता. हा धडा पहिल्यांदा लक्षात ठेवावा. परकीय चलनाच्या व्यवहारासाठी कुणी तुम्हाला खाजगी माणसाच्या खात्यात रुपये भरायला सांगत असेल, तर तेथे चलन नाही आणि बाजारही नाही.

खरा परकीय चलन बाजार अस्तित्वात आहे आणि तो जगातील सर्वांत मोठा बाजार आहे. आंतरराष्ट्रीय हिशेब बँकेच्या एप्रिल 2025 च्या पाहणीनुसार तेथे दररोज सुमारे 9.6 लाख कोटी डॉलरची उलाढाल होते. परंतु तेथे समोरासमोर बसलेले असतात मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या आणि गुंतवणूक फंड. छोट्या माणसाला तेथे ओढण्यासाठी 'लिव्हरेज' नावाचे आमिष दाखवले जाते. लिव्हरेज म्हणजे थोड्या अनामत रकमेवर मोठा सौदा. समजा तुमचे दहा हजार रुपये आहेत आणि दलालाने शंभरपट लिव्हरेज दिले. म्हणजे तुम्ही दहा लाखांचा सौदा केला. आता भाव तुमच्या विरुद्ध फक्त एक टक्का हलला की तुमचे दहा हजार संपले. एक टक्का ही चलनाच्या बाजारात एका दिवसाचीसुद्धा गोष्ट असू शकते. 15 जानेवारी 2015 रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँकचा भाव रोखून धरणे अचानक सोडले, तेव्हा काही मिनिटांत फ्रँक तीस टक्क्यांच्या आसपास उसळला आणि खातेदारच काय, दलाल कंपन्यासुद्धा बुडाल्या. "मी जपून करतो" असे म्हणणाऱ्याचे जपणे तेथे कितपत चालेल याचा विचार करावा.

युरोपातील नियामक संस्थेने 2018 मध्ये अशा लिव्हरेजच्या सौद्यांचा हिशेब मांडला. 74 ते 89 टक्के किरकोळ खातेदार तोट्यात असल्याचे आढळले, म्हणून तेथे मुख्य चलनांवरचे लिव्हरेज तीसपटीवर आणले गेले. आपल्याकडे सेबीने 2024 मध्ये शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सची पाहणी केली. ती चलनाची नव्हती, पण खेळ त्याच जातीचा. तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात गेले आणि एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ज्याच्या घरी वाडवडिलांची इस्टेट आहे तो असा तोटा पचवू शकतो. आपल्या घरात तर बँकेत पैसा ठेवणारी बहुधा पहिलीच पिढी आहे.

आता कायद्याचे पाहू, कारण सावध माणसाने सुरुवात तेथूनच करायला हवी. आपल्या देशात परकीय चलनाचा व्यवहार हा 'फेमा' म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, 1999 यानुसारच करता येतो. हा कायदा 1 जून 2000 पासून लागू आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकतो, हे खरे. पण परदेशातील फॉरेक्सच्या सौद्यासाठी किंवा त्याच्या मार्जिनसाठी पैसे पाठवायला त्या योजनेतही मनाई आहे. कायदा मोडला तर कलम 13 खाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे लुटला गेलेला माणूसच आरोपी ठरण्याची भीती! त्यामुळे पुष्कळ जण तक्रारच करीत नाहीत आणि लुटारूंचे फावते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये अनधिकृत मंचांची सावधानतेची यादी प्रसिद्ध केली. पहिल्या यादीत 34 नावे होती, पुढे ती वाढत गेली. मात्र यादीत नाव नाही म्हणून ते अ‍ॅप अधिकृत, असा अर्थ काढू नये.

मग कायदेशीर मार्ग कोणता? ऑगस्ट 2008 पासून आपल्या शेअर बाजारांत डॉलर-रुपयाचे वायदे चालतात. एका वायद्याचा आकार एक हजार डॉलर, हिशेब रुपयांत. भाव एक रुपयाने हलला की हजार रुपयांचा फरक पडतो. परंतु रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 मध्ये स्पष्ट केले, आणि 3 मे 2024 पासून ते अमलात आले, की रुपयाचा समावेश असलेला असा सौदा करणाऱ्याकडे परकीय चलनाची खरी देणी-घेणी असली पाहिजेत. ठराविक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार खरा असावाच लागतो. ज्याला डॉलर देणे नाही आणि घेणे नाही, त्याने केवळ भावावर डाव लावण्यासाठी तेथे जाऊ नये, असा याचा सरळ अर्थ आहे.

येथे बाबासाहेबांची आठवण होते. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात आणि 1925 च्या डिसेंबरमध्ये हिल्टन यंग आयोगापुढे दिलेल्या साक्षीत त्यांनी रुपयाच्या भावाचा प्रश्न मुळापासून तपासला. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो, हे त्या काळचे शेठजी अभिमानाने सांगत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? भाव वाढतात, मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणजे तो फायदा मजुराच्याच ताटातून काढला जातो. कोण कमावतो आणि कोण भरतो, ही त्यांची कसोटी. तीच कसोटी मोबाईलवरच्या अ‍ॅपला लावा. अनेक परदेशी दलाल तुमचा सौदा बाजारात पाठवतच नाहीत, समोरच्या बाजूला स्वतःच उभे राहतात. तुमचा तोटा हाच त्यांचा नफा. मग ते तुम्हाला फुकट शिकवणार कशासाठी?

तथागतांनीही गृहस्थाच्या पैशाचा विचार केला आहे. दीघजाणू या कोलियाला त्यांनी उद्योग, कमावलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि आवकीनुसार खर्च या चार गोष्टी सांगितल्या आणि संपत्ती गळून जाण्याच्या वाटांमध्ये जुगार व वाईट संगत यांचा समावेश केला. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पत्ते हातात नव्हते, पण खेळ तोच होता आणि संगत टेलिग्रामवरची होती.

याचा अर्थ आपण डॉलरकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. आज आपली मुले शिष्यवृत्तीवर आणि कर्ज काढून परदेशी शिकायला जातात, आपले भाऊ आखाती देशांतून पैसे पाठवतात, कुणी लहान निर्यातदार झाला आहे. खरे परकीय चलन यांच्या हातात आहे आणि शिकायचे ते यांनीच. बँकेचा विकण्याचा व घेण्याचा भाव वेगळा असतो, त्यातील फरक विचारावा. तीन बँकांचे भाव आणि शुल्क लिहून घ्यावे. ऑगस्ट 2019 पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा 'एफएक्स-रिटेल' हा मंच सुरू झाला आहे. आपल्या बँकेमार्फत त्यावर नोंदणी करून डॉलर बाजारभावाच्या जवळपास घेता येतात. मुलाची फी सहा महिन्यांनी भरायची असेल तर फॉरवर्ड करार करता येईल का, हे बँकेला विचारावे. पाच-दहा पैशांचा फरकसुद्धा फीच्या रकमेवर हजारांत जातो. सावधपणे सुरुवात करायची तर ती ही.

ज्याला निव्वळ शिकायचे आहे त्याने वर्षभर वहीत भाव लिहावेत, रुपया का हलला याची कारणे टिपावीत, बाबासाहेबांचा ग्रंथ अभ्यासमंडळात वाचावा. एक पैसाही जाणार नाही. आपले बँक खाते मात्र 'कमिशन'साठी कुणालाही वापरायला देऊ नये. लुटीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी लाज बाळगू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. दरमहा ठराविक परताव्याचे आश्वासन देऊन ठेवी गोळा करणारा कुणी आपल्याच गावात असेल, तर महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, 1999 आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते. ताईंची तक्रार आम्ही केली. थोडी रक्कम एका खात्यात गोठली आहे, बाकीची लढाई चालू आहे.

त्या फंडात तीस वर्षांची पहाट होती, हातात झाडू होता. आरक्षणातून, संघर्षातून, आईबापांच्या घामातून आलेला हा पैसा समाजाचे पहिले भांडवल आहे. विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. तरुणांना रागावू नका, त्यांना हिशेब शिकवा.

जयभीम!