प्रिंटरने कचरा छापला, तर नेटवर्क ठीक आहे

‘घरातल्या विंडोजच्या डेस्कटॉपला प्रिंटर जोडलाय, शेअरही केलाय. मुलीच्या उबंटू लॅपटॉपवरून एका पानाचा अर्ज पाठवला, तर पानांमागून पानं नुसता कचरा छापून येतो. नेटवर्कमध्ये काय बिघडलं असेल?’ असं एका वाचकांनी विचारलंय.

नेटवर्कमध्ये काहीच बिघडलेलं नाही. त्या कागदाची पहिली ओळ वाचा. टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पुढे ‘पीएस-अडोबी’ अशी अक्षरं दिसली, तर निदान झालंच म्हणून समजा. लॅपटॉपने पाठवलेला मजकूर वायफाय, फायरवॉल, पासवर्ड सगळं पार करून जसाच्या तसा पोचलाय. फक्त तो पोस्टस्क्रिप्ट भाषेत आहे आणि प्रिंटरला ती येत नाही. म्हणून पान काढायच्या ऐवजी त्याने पान काढण्याच्या सूचनाच छापून टाकल्या. कागद हललाच नाही, तर प्रिंटची रांग बघा. काम रांगेतच अडकलं असेल, तर बहुधा रस्ता बंद आहे. ‘पूर्ण’ म्हणून निघून गेलं आणि तरी कागद आला नाही, तर पुन्हा संशय भाषेवरच. काही स्वस्त प्रिंटर अनोळखी भाषा आली की गप्पच बसतात.

पोस्टस्क्रिप्टचा इतिहास मला फार आवडतो. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबीने ती १९८४ मध्ये आणली. ती खरीखुरी प्रोग्रामिंग भाषा आहे. प्रत्येक पान हा एक प्रोग्राम आणि तो चालवायचा प्रिंटरने, म्हणजे प्रिंटरच्या पोटातच संगणक हवा! ॲपलच्या १९८५ च्या लेझररायटरमध्ये १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि दीड मेगाबाइट मेमरी होती. त्याला जोडायच्या मॅकिंटॉशमध्ये प्रोसेसर तोच, पण वेग आठ मेगाहर्ट्झहून कमी आणि मेमरी तेव्हा फार तर अर्धा मेगाबाइट. टेबलावरच्या संगणकापेक्षा शेजारचा प्रिंटर ताकदवान होता. किंमत ६,९९५ डॉलर, त्यामुळे एकच प्रिंटर अनेकांनी वापरायची सोय त्यात पहिल्यापासून होती.

पुढे स्वस्ताईसाठी अनेक प्रिंटरमधून हा संगणक गेला. पानाचे ठिपके करायचं काम ड्रायव्हरकडे आलं आणि त्या ठिपक्यांची रचना फक्त उत्पादकालाच ठाऊक. ड्रायव्हर विंडोजसाठी आधी निघायचा, लिनक्ससाठी (उबंटू त्यातलंच) कधीकधी निघायचाच नाही. आपल्या वाचकांनी उबंटूवर ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ निवडलेलं असेल, तर ते काढून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर निवडून बघावा. तो उपलब्ध असेल, तर काम तिथेच संपेल.

हे झालं भाषेचं. काम रांगेतच अडकत असेल, तर रस्त्याची कथा वेगळी. विंडोज ज्या एसएमबी पद्धतीने शेअरिंग करतं, ती युनिक्सच्या जगाला उलगडून दिली अँड्र्यू ट्रिजेल यांनी. कॅनबेरात पीएचडी करताना, १९९१-९२ च्या सुमारास, संगणकांमधली देवाणघेवाण नेटवर्कवर टिपून त्यांनी ती समजून घेतली. त्यातूनच सांबा हे सॉफ्टवेअर उभं राहिलं; लिनक्स विंडोजशी त्याच्याच मार्फत बोलतं. मात्र हा रस्ता अलीकडे वरचेवर बंद होतो. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातली, ‘प्रिंटनाइटमेअर’ ही भयंकर त्रुटी उघडकीला आली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने स्पूलरशी जोडणीचे नियम कडक केले आणि ठिकठिकाणी ‘११बी’वर संपणारा एरर दिसू लागला. त्यावर रजिस्ट्रीतला एक आकडा शून्य करायचा ‘रामबाण’ उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका! त्याने प्रिंट मिळते, पण बंद केलेलं दार तुम्ही स्वतःच उघडून देता.

प्रिंटरला स्वतःचं वायफाय असेल, तर डेस्कटॉप मधून काढूनच टाका. आयपीपी या खुल्या पद्धतीने लॅपटॉप थेट प्रिंटरशी बोलू शकतो. प्रिंटर यादीत दिसत नसेल, तर लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना हे बघा. प्रिंटर शोधणारे संदेश सहसा एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाहीत.

आयपीपी १९९९ ची. ती घरोघरी पोचवण्यात मायकेल स्वीट यांचा वाटा फार मोठा, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही याची मला खंत वाटते. आयपीपीवर उभी असलेली त्यांची कप्स ही छपाई-व्यवस्था लिनक्सने स्वीकारली, २००२ मध्ये मॅकने घेतली. फोनवरून छापणारं ॲपलचं एअरप्रिंट २०१० मध्ये आलं, तेही आयपीपीवरच. आयपीपीवरच्या अशा छपाईला जाहिरातीत ‘ड्रायव्हरशिवाय छपाई’ म्हणतात. प्रत्यक्षात ठरावीक खुल्या भाषा समजण्याची अट प्रिंटरवर आली आहे, म्हणजे १९८५ सारखी पुन्हा प्रिंटरलाच अक्कल द्यावी लागते. मधल्या काळात ॲपलमध्ये गेलेले स्वीट २०१९ अखेर तिथून बाहेर पडले आणि ओपनप्रिंटिंग गटाबरोबर कप्सवर काम करत राहिले. कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत जुन्या धाटणीचे ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलंय. त्यामुळे नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा तशाच ड्रायव्हरशिवाय छपाईची मोप्रिया यांपैकी एक खूण आहे का, ते पैसे देण्याआधी बघा.